व्हॅरम पर्सी: गाव उठलं, चर्च पुढे साडेचारशे वर्षं चालू राहिलं

लीड्सवासी

इंग्लंडमध्ये मध्ययुगात नांदलेली आणि नंतर ओस पडलेली तीन हजारांहून जास्त गावं आजवर नोंदली गेली आहेत. बहुतेकांच्या जागी आता नुसतं कुरण आहे. यातलं सगळ्यांत बारकाईनं अभ्यासलेलं गाव म्हणजे यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी. माल्टनच्या आग्नेयेला वोल्ड्स नावाच्या खडूच्या दगडाच्या टेकड्या आहेत. तिथल्या एका अरुंद दरीच्या काठावर हे गाव होतं.

वर पठारावर गवताखाली घरांची जोती, परसांचे बांध आणि मधून गेलेली खोलगट वाट दिसते. खाली दरीत सेंट मार्टिनचं बिनछपराचं चर्च, शेजारी तळं. मध्ययुगातलं उभं असं एवढंच शिल्लक आहे.

मी त्या चर्चच्या भिंतींसमोर पुन्हापुन्हा जाऊन बसते, कारण गावाची सगळी जमाखर्चाची वही तिथे दगडात आहे. दहाव्या शतकात तिथे छोटं लाकडी चर्च होतं, मग दगडी झालं. बाराव्या-तेराव्या शतकांत माणसं वाढली तशा दोन्ही अंगांना पडव्या काढल्या, त्यासाठी मूळ भिंती फोडून कमानी बसवल्या. पुढे माणसं रोडावली. पडव्या पाडल्या, कमानी दगडांनी बुजवल्या, वेदीकडचा भागही आखूड केला. बुजवलेल्या कमानींचे आकार आजही बाहेरून स्पष्ट दिसतात.

माझे दोन प्रश्न आहेत. गाव कशानं उठलं? भेटणारा जो तो 'प्लेग' म्हणतो, ते मला पटत नाही. दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. गाव साधारण १५०० मध्ये संपलं आणि चर्चमध्ये नियमित प्रार्थना १९४९ पर्यंत होत होत्या. मधली साडेचारशे वर्षं गाव नसलेल्या चर्चला कुणी सांभाळलं? माझा अंदाज आहे, पण आधी तुमचं ऐकायचंय. आपल्याकडच्या उठलेल्या गावांचे अनुभव असतील तर तेही लिहा.

जुनी_पणती

फार छान विषय. वाचनखूण साठवली.

प्लेग तिकडे १३४९ मध्ये पोचला ना? मग १५०० पर्यंतची दीडशे वर्षं तिथे कोण राहत होतं?

पांथस्थ

मी कुटुंबासह जाऊन आलोय. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. गाडी लावून चिखलातून उतार उतरलो, गाईंच्या मधून वाट काढली आणि मुलगी म्हणाली, "बाबा, गाव कुठंय?" तिला दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. चर्च सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच प्रवासात यॉर्कचा तट, रीव्हॉचा भग्न मठ असं काय काय पाहिलं! उंचवटे बघायला एवढं लांब का जायचं, हे मला अजून कळलेलं नाही. कुणीतरी समजावून सांगा.

लीड्सवासी

पांथस्थ, राग कसला? तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर मोठं आहे, सावकाश लिहिते.

आधी जुनी_पणती यांना. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे राजानं करवून घेतलेल्या जमिनींच्या मोजदादीत, व्हॅरम आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला गाव भरात होतं, पण प्लेगच्या आधीच घसरण लागली होती. १३२० च्या आसपास उत्तरेकडून स्कॉट फौजांच्या धाडी पडत होत्या. १३२३ च्या चौकशीत इथली दोन तृतीयांश जमीन पडीक आणि गिरण्या मोडकळीस आलेल्या, अशी नोंद आहे. म्हणजे प्लेग यायला पाव शतक बाकी होतं! त्यातून गाव सावरलं. १३४९ मध्ये प्लेगनं माणसं नेली, तरी उरलेले नांगर धरून राहिले, नवे आले. पुढे जहागीर पर्सी घराण्याकडून हिल्टन घराण्याकडे गेली. पंधराव्या शतकाच्या शेवटी या हिल्टननं शेवटची कुटुंबं काढली आणि सगळं रान मेंढ्यांना दिलं. १५१७ मध्ये सरकारनं 'कुणी कुठे शेती मोडून गावं ओस पाडली' याची चौकशी केली. त्यात व्हॅरमच्या नावापुढे चार नांगर बंद आणि चार घरं पडली, एवढीच नोंद आहे.

उरलेलं गाव म्हणजे ती चार घरं.

जुनी_पणती

चार घरं! वाचून कसंतरीच झालं. त्यांचं पुढे काय झालं, कुणी लिहून ठेवलंय का?

लीड्सवासी

नाही. चौकशीला नांगर आणि घरं मोजायची होती, माणसं नव्हे.

माणदेशी_नातू

आमच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती. दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा (कळप आणि बिऱ्हाड) घेऊन कोकणात उतरायचे, मिरगाच्या आधी परत. म्हणून मला यातली एक गोष्ट खटकते.

मेंढरू आणि नांगर यांचं वैर नसतं. आमच्याकडे शेतकरी स्वतः बोलवायचे, रानात मेंढ्या बसवायला. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्या-मुतानं रान खतवतं, त्याबदल्यात धान्य मिळायचं. खडूच्या दगडावरची पातळ माती असेल तर तिला या खताशिवाय पीकच येणार नाही. मग मेंढ्यांनी गाव खाल्लं असं कसं म्हणता? थॉमस मोर या इंग्रज विचारवंतानं १५१६ मध्ये लिहिलंय खरं, की इंग्लंडच्या मेंढ्या आता माणसं खायला लागल्या. पण जनावराच्या माथी कशाला मारायचं?

लीड्सवासी

माणदेशी_नातू, तुमच्या प्रतिसादासाठी तरी हा धागा काढल्याचं सार्थक झालं.

वोल्ड्सवर पूर्वी अगदी हेच चालायचं. पडीक टाकलेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या, मग त्यात पेरायचं. व्हॅरमच्या कुळांच्याही मेंढ्या होत्या. बदललं ते गणित. प्लेगनंतर मजूर महागले, खाणारी तोंडं कमी झाल्यानं धान्याचा भाव उतरला, लोकरीला मात्र गिऱ्हाईक होतं. जमीनदारानं पाहिलं, की वीस कुळांकडून खंड गोळा करण्यापेक्षा अख्खं रान एकाच्या कळपाला देणं फायद्याचं आहे.

माणदेशी_नातू

आणि कळपाला एक गडी अन् एक कुत्रं पुरतं. कळलं.

मोडीप्रेमी

इथे मला आपल्या कागदपत्रांची आठवण होते आणि फरक फार बोलका आहे.

आपल्या महसुली दप्तरात 'बेचिराख' गावं पानोपानी भेटतात. दुर्गादेवीच्या दुष्काळाची परंपरेनं सांगितलेली वर्षं १३९६ ते १४०७. म्हणजे व्हॅरम झिजत होतं त्याच काळात दख्खनही ओस पडत होती. पुढे १६३० च्या दुष्काळानं पुन्हा तेच केलं. पण आपल्याकडच्या सत्तेची ओढ उलट दिशेला होती. रयत नाही तर वसूल नाही. म्हणून परागंदा झालेल्यांना कौल देऊन परत आणायचं, पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल थोडा थोडा चढवत न्यायचा. यालाच इस्तावा म्हणत. मलिक अंबर असो, शहाजीराजांची पुणे जहागीर असो, नंतर शिवाजी महाराज असोत, ओस गाव पुन्हा वसवणारा पाटील सगळ्यांना हवा होता.

हिल्टनला मात्र माणूस परत यायलाच नको होता. दुष्काळ, साथ, धाडी दोन्हीकडे आल्या. गाव पुन्हा वसलं की नाही, हे जमिनीचा धनी कशातून पैसा काढतो यावर ठरलं. मला तरी धाग्यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे दिसतं.

चौकट_राजा

मोडीप्रेमी, मांडणी सुरेख, पण मी पूर्ण सहमत नाही. यात कुळांना निव्वळ बळी ठरवलं जातंय. क्रिस्टोफर डायर यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवलंय, की पुष्कळ गावं जमीनदारानं हात घालण्याआधीच आतून पोखरली होती. प्लेगनंतर जमिनी मुबलक झाल्या. शेजारच्या गावात चांगली माती कमी खंडात मिळत असेल तर शहाणा माणूस खडूच्या टेकडीवर कशाला थांबेल? तरुण पोरं उठून गेली असतील. हिल्टननं चार घरं काढली हे वाईटच, पण बाकीची घरं आपल्या पायांनी गेली. ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीनं गाव सोडलं, त्याच्यासाठी ती सुटका होती.

मोडीप्रेमी

हे मान्य करण्याजोगं आहे. तरी शेवटच्या चारांना जायचं नव्हतं, म्हणूनच त्यांना काढावं लागलं. ते थांबले होते.

लीड्सवासी

दोघांचंही खरं आहे असं मला वाटतं, कारण चर्च तेच सांगतं. पडव्या एका दिवसात पाडलेल्या नाहीत. एक आधी गेली, दुसरी नंतर. गाव दोनशे वर्षं ओसरत होतं.

आता पांथस्थ यांचा प्रश्न, उंचवटे बघायला का जायचं?

१९४८ मध्ये लीड्स विद्यापीठातले अर्थेतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड व्हॅरमला आले. तेव्हा अनेक जाणती मंडळी म्हणत, की मध्ययुगात ओस पडलेली गावं इंग्लंडात फारशी नाहीतच. बेरेसफर्डना जुन्या करवसुलीच्या याद्यांत नावं सापडत होती, ती नकाशावर नव्हती. पुरावा हवा म्हणून १९५० मध्ये त्यांनी विद्यार्थी घेऊन व्हॅरमला खणायला सुरुवात केली. १९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट येऊन मिळाले आणि दोघांनी १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात हे काम चालवलं. चाळीस वर्षं, एक गाव! राबणारे बहुतेक स्वयंसेवक. विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त माणसं. बेरेसफर्ड सुधारगृहातल्या तरुणांनाही खणायला घेऊन यायचे.

त्याआधी मध्ययुगाचं उत्खनन म्हणजे किल्ला नाहीतर मठ. शेतकऱ्याच्या घरात काय सापडणार, असं सगळे धरून चालायचे. खणायची रीतही भिंत सापडली की तिच्या कडेनं चर मारत जायची. पण इथल्या घरांच्या भिंतीच धड नव्हत्या. डेन्मार्कमध्ये ॲक्सेल स्टीन्सबर्ग यांच्याकडे शिकून आलेल्या जॅक गोलसननं वेगळी रीत आणली. अख्खं अंगण उघडं करायचं, थर एकेक करून उचलायचा, प्रत्येक दगड आणि खापर जागच्या जागी नोंदवायचं. तेव्हा कुठे कुडाची घरं दिसायला लागली. ही रीत पुढे सगळ्या इंग्लंडात रुळली.

तुमच्या मुलीला दाखवायला एक गोष्ट होती. वर एका शेतकऱ्याच्या घराचं जोतं आहे. ते खणताना खाली बाराव्या शतकातल्या जहागीरदाराच्या वाड्याचं दगडी तळघर निघालं. वाडा गेला, त्यावर कुळाचं घर उभं राहिलं, मग तेही गेलं.

पांथस्थ

हे आधी माहीत असतं तर तिथे तासभर जास्त बसलो असतो. लेकीला दाखवलं. ती विचारतेय, घरं होती कशी?

लीड्सवासी

लांबुळकी. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं किंवा कोठार, मधून आडवा बोळ. मध्ये चूल, धूर छपरातून वर. सुरुवातीला अभ्यासकांना वाटलं होतं, की घरं इतकी कच्ची की दर पिढीला नव्यानं बांधावी लागत. नंतर स्टुअर्ट रॅथमेल यांनी दाखवलं, की वाकड्या लाकडांच्या जोड्या रोवून त्या वर आढ्याशी भिडवत. छपराचा सगळा भार लाकडावर. भिंत पडली तरी घर उभं, म्हणून भिंती पुन्हापुन्हा बदललेल्या दिसतात. घर मात्र टिकाऊ होतं.

कोकणकन्या

माणसं आणि गुरं एकाच छपराखाली! माझी आजी हे वाचून म्हणाली, "मग चांगली माणसं होती."

खापरखुणा

पुण्यात पुरातत्त्व शिकते. डोळ्यांसमोर लगेच इनामगाव आलं. शिरूरजवळ घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ असं उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी. ते ताम्रपाषाणयुगातलं, काळाचा व्हॅरमशी काही संबंध नाही. पण पाहण्याची दृष्टी तीच. उभा खड्डा मारून थर मोजण्यावर न थांबता आडवं पसरत जायचं आणि अख्खं गाव उघडं करायचं. कुणाचं घर मोठं, धान्याची पेवं कुठे, कुंभार कुठे राहायचा, हे सगळं त्यामुळे कळलं. राजाचं नाव नसलेल्या जागेवर इतकी वर्षं देणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

अस्थिरोग_वॉर्ड

पेशानं डॉक्टर. मला व्हॅरम माहीत आहे ते तिथल्या हाडांमुळे. चर्च आणि आवारातून सुमारे सातशे सांगाडे निघाले. एकाच खेड्यातल्या साध्या माणसांचा इतका मोठा आणि इतका नीट अभ्यासलेला संच क्वचित मिळतो.

सायमन मेझ यांनी मुलांच्या हाडांची लांबी मोजली. मध्ययुगातलं दहा वर्षांचं मूल आजच्यापेक्षा साधारण २० सेंटिमीटरनं बुटकं. मोठ्यांच्या उंचीत मात्र इतका फरक नाही. म्हणजे वाढ खुंटत नव्हती, रेंगाळत होती. अपुरं अन्न, आजारपणं, तरी शरीर जास्त वर्षं घेऊन वाढत राहिलं. हाडांतल्या नायट्रोजनवरून असंही कळलं, की बाळं साधारण दीड ते दोन वर्षांपर्यंत अंगावर पीत असत. याच संचात क्षयरोगही सापडला.

एक कवटी मी व्याख्यानात नेहमी दाखवतो. चाळिशीचा पुरुष, दहाव्या-अकराव्या शतकातला. डोक्यावर बोथट हत्याराचा घाव. कुणीतरी कातडी सोडवून कवटीचा तुकडा खरवडून काढला, आतला दाब कमी केला आणि तो माणूस जगला. हाडाच्या कडा भरून आलेल्या दिसतात. पैसेवाल्यांसाठी वैद्य असतील, पण या खेडुताच्या डोक्याला हात लावणाराही कुणीतरी होता आणि त्याचा हात स्थिर होता.

आता जरा अंगावर येणारं. वस्तीतल्या खड्ड्यांत, म्हणजे चर्चच्या आवाराबाहेर, १३७ हाडं मिळाली, किमान दहा माणसांची. पुरुष, बायका, मुलंही. अकराव्या ते चौदाव्या शतकातली. त्यांवर मेल्यानंतरचे सुरीचे वार, हाडं मोडलेली, जाळलेली. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुष्काळात माणसं खाल्ली का, ही शक्यता तपासली. पण मांसासाठी कापताना खुणा सांध्यांशी असतात, इथे त्या डोकं आणि मान यांच्याभोवती जास्त. परक्यांचे मृतदेह असतील का? दातांतलं स्ट्रॉन्शियम (लहानपणीच्या अन्नपाण्यातून दातांत उतरणारं मूलद्रव्य) सांगतं, की ही माणसं याच भागात वाढलेली. अभ्यासकांना सगळ्यात पटलेलं उत्तर असं, की मेलेला उठून परत येईल या भीतीनं गावानं आपल्याच माणसांच्या देहांचं हे केलं.

कोकणकन्या

आमच्याकडे एक नारळ आणि एक कोंबडा यात मिटलं असतं!

माणदेशी_नातू

कोकणकन्या, आमच्याकडे बोकडाशिवाय ऐकत नाहीत. :)

खापरखुणा

हसताय खरे, पण इनामगाव ऐका. तिथे मोठ्या माणसांना घराच्या जमिनीखाली पुरत आणि पुरण्याआधी घोट्याखालची पावलं तोडत. लहान मुलांची मात्र तोडलेली नाहीत, ती दोन घड्यांत तोंडाला तोंड लावून ठेवलेली. मेलेल्यानं चालत निघून जाऊ नये, घरापाशीच राहावं, किंवा भूत होऊन फिरू नये, असा याचा अर्थ लावला गेलाय.

चौकट_राजा

जरा जपून. दोन्हींमध्ये दोन हजार वर्षांहून जास्त अंतर, अर्धी पृथ्वी मध्ये. इनामगावात तो सगळ्या मोठ्यांसाठीचा रिवाज दिसतो, व्हॅरममध्ये मोजक्या माणसांना निवडून केलेलं काम. रिवाज आणि भेदरून केलेली गोष्ट यांना एका माळेत ओवू नये.

अस्थिरोग_वॉर्ड

सहमत. तरी यॉर्कशायरमध्ये ही भीती होती याला लेखी आधार आहे. न्यूबर्गच्या मठातला विल्यम हा बाराव्या शतकातला इतिहासकार, व्हॅरमपासून फार लांबचा नव्हे. कबरीतून उठून गावात हिंडणाऱ्या मेलेल्यांच्या हकिगती त्यानं नोंदवल्यात आणि असा देह बाहेर काढून जाळल्याचंही लिहिलंय. मला वाईट याचं वाटतं, की मुलांचीही हाडं त्यात आहेत.

जुनी_पणती

धागा भुताखेतांत रमला, मजाही आली, पण लीड्सवासींचा दुसरा प्रश्न राहूनच गेला. चर्चला कोण येत होतं?

गोंयकार

मी माझ्या बाजूनं सांगतो. सांगे तालुक्यातलं कुर्डी. साळावली धरणात १९८० च्या दशकात गेलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. पायऱ्या, विहिरी, तुळशीवृंदावनांचे चौथरे, चिखलाच्या भेगा. तेव्हा पुनर्वसन झालेली माणसं परत येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती लोक आपल्या कपेलचं (छोट्या प्रार्थनाघराचं) फेस्त करतात. माझ्या आईचं माहेर त्याच भागात. तिला विचारलं, तिथे आता काय आहे म्हणून जायचं? ती म्हणाली, देव तिथे आहे ना.

माणसांना दुसरीकडे घर मिळतं. देवाला दिलेला शब्द जुन्याच जागेवर असतो. व्हॅरमच्या लोकांचंही असंच असणार.

मोडीप्रेमी

आमच्याकडच्या बेचिराख गावांत शेताच्या मधोमध मारुती उभा असतो, वर्षातून एकदा शेजारच्या गावची पालखी तिथवर जाते. पण गोंयकार, निव्वळ श्रद्धेवर साडेचारशे वर्षं दगडी इमारत उभी राहत नाही. छपराला पैसा लागतो. तो कुठून आला?

लीड्सवासी

आता माझं म्हणणं मांडते.

सेंट मार्टिनचं चर्च एका व्हॅरमचं कधीच नव्हतं. त्याच्या पंचक्रोशीत आणखी चार वस्त्या होत्या. थिक्सनडेल, रेस्थॉर्प, बर्डेल आणि टोथॉर्प. नामकरण, लग्न, अंत्यविधी, सगळं इथेच. प्रत्येक वस्तीला चर्चला दशांश द्यावाच लागे आणि इमारत राखणं ही सगळ्यांची कायद्यानं बांधलेली जबाबदारी. मोडीप्रेमी, तुमचा पैसा इथून आला. व्हॅरम उठलं तरी चर्चची हद्द पुसली गेली नाही.

यातल्या रेस्थॉर्प, बर्डेल आणि टोथॉर्पचीही गावं गेली, एखाददुसरी शेतवाडी उरली. राहिलं ते थिक्सनडेल. तिथले लोक टेकड्या ओलांडून सुमारे पाच किलोमीटर चालत यायचे. थंडी-पावसात, पोरं कडेवर घेऊन, प्रेतं खांद्यावर घेऊन. वर पठारावर ज्यांची जोती दिसतात त्यांचं नावही त्यांना ठाऊक नसेल, पण त्यांच्या चर्चमध्ये यांनी पिढ्यान्‌पिढ्या लग्नं लावली.

मग १८७० मध्ये स्लेडमिअरचे सर टॅटन साइक्स यांनी थिक्सनडेलमध्येच नवं चर्च बांधून दिलं, वास्तुरचनाकार जी. ई. स्ट्रीट. व्हॅरमला खरा धक्का तेव्हा बसला. लोकांच्या दारात चर्च आलं, मग टेकडी कोण चढणार? गाव उठलं त्यानं चर्च मेलं नाही, पंचक्रोशी तुटली तेव्हा ते मरायला लागलं. १९४९ नंतर नियमित प्रार्थना थांबल्या. १९५९ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. उरलेला अर्धा उभा आहे, आत बघितलं तर मजल्यांच्या खाचा दिसतात.

गोंयकार, तुमच्या आईचं म्हणणं मी खोडत नाही. कायदा होता म्हणून छप्पर राहिलं, पण पाच किलोमीटर चालत येणं कायद्यानं होत नाही.

चौकट_राजा

१८७० चा मुद्दा जबरदस्त. चांगल्या हेतूनं बांधलेल्या नव्या इमारतीनं जुनी संपवली.

माणदेशी_नातू

थिक्सनडेलची माणसं चालत यायची ती वाट अजून आहे का?

लीड्सवासी

आहे. 'वोल्ड्स वे' हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग व्हॅरममधून थिक्सनडेलकडे जातो. दरीत जुन्या माल्टन-ड्रिफील्ड रेल्वेचा मार्गही दिसतो, ती १९५८ मध्ये बंद झाली.

पांथस्थ

आम्ही पुन्हा जातोय, लेकीचा हट्ट. कधी जावं, काय बघावं, एवढं सांगा.

लीड्सवासी

प्रवेश विनामूल्य, दिवसाउजेडी केव्हाही. यॉर्क-स्कारबरो मार्गावर माल्टन स्टेशन आहे, तिथून पुढे गाडी लागेल. वाहनतळापासून सव्वा किलोमीटर चालायचं, उतार घसरडा आहे, बूट चांगले घाला. उन्हाळ्यात गवत वाढतं आणि जोती बुडतात. हिवाळ्यात, गवत खुरटं असताना, सकाळी लवकर किंवा दुपारी तीनच्या आत पोचा. सूर्य खाली असला की प्रत्येक बांधाची सावली पडते आणि घरं वेगवेगळी मोजता येतात. आधी वरून पठारावरून या, चर्च शेवटी. चर्चच्या दक्षिण भिंतीबाहेर उभं राहून लेकीला बुजवलेल्या कमानी मोजायला सांगा, मग आत जाऊन पुन्हा मोजायला सांगा.

खापरखुणा

आणि तिनं मोजलेला आकडा इथे लिहा. मला तुलना करायचीय, माझ्याकडे चर्चचा आराखडा आहे.

पांथस्थ

नक्की. ती आत्तापासूनच वही शोधतेय.